कॉफीबरोबरचे चार घांस

गेल्या वर्षीं चिरंजीवांकडे फ्रान्समधील ल्यों शहरीं आमचा दोन महिने मुक्काम घडला. मधुमेहानें आम्हांस गांठल्याला आतां अकरा वर्षें झालीं. तेव्हांपासून भोजनाच्या अखेरीस आमची गत परक्या मांडवांतील पाहुण्यासारखी होते. मंडळी पक्वान्नांत रंगतात आणि आम्ही खिडकीबाहेर पाहत बसतों. फ्रान्समध्यें हें अधिकच जाणवतें. आपल्या पानावर मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाजी, वरणभात आणि गोड हीं सारीं एकाच वेळीं आपापल्या जागीं हजर असतात. ज्यास जें वर्ज्य तें त्यानें मुकाट्यानें बाजूस सारावें, शेजाऱ्यास पत्ताही लागत नाहीं. फ्रेंच भोजनांत पदार्थ एकामागून एक येतात. गोडाची पाळी आली कीं प्रत्येकापुढें बशी येते, आणि न घेणाऱ्यापुढें उरतें तें मोकळें मेज. बरें, कॉफी तरी लवकर मिळावी, तर तीही त्यांच्या रिवाजाप्रमाणें गोड संपल्यावरच!

पहिल्याच रविवारीं सोन नदीच्या कांठीं एका उपाहारगृहांत हा प्रसंग आला, तेव्हां सूनबाई म्हणाल्या, “मामंजी, आपण ‘काफे गुर्मां’ मागवा.”

थोड्या वेळानें एक लांबट तबक आलें. त्यांत एका कोपऱ्यास कॉफीचा इवलासा पेला. (फ्रान्समध्यें नुसतें ‘काफे’ म्हटलें कीं बिनदुधाची, दोनतीन घोटांची कडक एस्प्रेसो समजावी.) पेल्याशेजारीं तीन पदार्थ मांडलेले. कुंकवाच्या करंड्याएवढ्या वाटींत क्रेम ब्र्युले, म्हणजे दुधाची साय व अंड्याचा बलक यांचें दाट मिश्रण, आणि त्यावर साखर जाळून केलेला कांचेसारखा पापुद्रा. चमच्यानें टिचकी मारली कीं तो तडकतो. चिमुकल्या पेल्यांत चॉकलेटचें मूस. आणि दोन बोटें रुंद अशी ल्योंची गुलाबी टार्ट, जिच्यांत गुलाबी साखर चढविलेले बदाम सायींत शिजविलेले असतात. एकेक पदार्थ दोन घासांचा. पानावर वाढावें तसें सारें एकदम पुढें आलेलें पाहून आम्हांस घरीं आल्यासारखें वाटलें, हें कबूल केलें पाहिजे.

‘गुर्मां’ ह्या शब्दाची गंमत अशी कीं, त्याच्या एका टोकास आपला ‘औदरिक’ आहे आणि दुसऱ्या टोकास ‘रसिक’. ख्रिस्ती धर्मशास्त्रानें ज्या सात मूळ पापांची गणना केली, त्यांत ह्याच शब्दापासून झालेली ‘गुर्मांदीझ’ आहे. पुढें लोकव्यवहारांत पापाचा दंश गेला आणि खाण्याची गोडी तेवढी उरली. मोठ्या उपाहारगृहांत गोड झाल्यावर कॉफीबरोबर चिमुकल्या मिठाया आणून ठेवण्याची चाल जुनीच. परंतु ‘काफे गुर्मां’ गोडाच्या ऐवजीं येतो आणि देयकांत त्याची स्वतंत्र ओळ असते. बहुधा सातापासून दहा युरोंपर्यंत. गेल्या दोनतीन दशकांत तो देशभर पसरला. त्यांत दुकानदाराचेंही हित आहे. दुपारीं घाईंत असलेलें गिऱ्हाईक सबंध पक्वान्न नाकारतें, पण ह्यास नाहीं म्हणत नाहीं.

मात्र यादींत पदार्थांचीं नांवें बहुधा नसतात. त्या दिवशीं मुदपाकखान्यांत जें तयार असेल तें येतें. आम्हीं नोकरींत असतांनाच डॉक्टरांच्या आज्ञेनें अंड्याशीं तह केला. आमच्या कुटुंबानें तो अद्याप मान्य केलेला नाहीं. क्रेम ब्र्युलेंत बलक, माकारोंत अंड्याचें पांढरें, मूसमध्यें बहुधा तेंच. पन्ना कोट्टांत अंडें नसतें म्हणून जीव सुखावावा, तर तें घट्ट होतें जिलेटीननें, आणि जिलेटीन निघतें जनावरांच्या कातड्यांतून व हाडांतून. त्यामुळें तिच्या वाट्यास नुसती कॉफी आली. आम्हीं मात्र तिन्ही वाट्या स्वच्छ केल्या.

दोन तासांनीं घरीं यंत्रावर बोटाचें रक्त लावलें तों आंकडा 238!

“पण वाट्या लहान होत्या,” आम्ही म्हणालों.

“तीन पावल्यांचे बारा आणे होतात,” कुटुंब म्हणालें, “आणि गणित आपण शिकवीत होतां.”

ह्यावर आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. बशी लहान दिसली कीं मन आपोआप सूट घेतें, आणि तीन वेळां सूट घेतल्याचें त्याच्या ध्यानांत राहत नाहीं. त्या रात्रीं असें ठरलें कीं, तबक मेजाच्या मध्यभागीं ठेवावें, आम्हीं कोणत्याही एकाच पदार्थाचा एक चमचा घ्यावा, बाकीचें नातवंडांनीं वांटून घ्यावें. पुढच्या रविवारीं जादा चमचे मागतांना आम्हांस थोडा संकोच वाटला. तेथें ज्याची बशी त्याचीच असते. पण वाढपी हंसला आणि चार चमचे घेऊन आला. तिसऱ्या रविवारपासून ते न मागतां येऊं लागले. तो एक चमचा मात्र आम्ही इतका सावकाश खात असूं कीं, धाकटा नातू चमच्यावर नजर ठेवून बसे.

निघण्यापूर्वींच्या रविवारीं तबकांत एक वाटी पेअर फळाच्या सॉर्बेची आली. सूनबाईंनीं आंत जाऊन विचारलें: फळ, पाणी, साखर, दुसरें कांहीं नाहीं. ती वाटी कुटुंबापुढें सरकविली. तिनें दोन महिन्यांचें उट्टें काढून ती एकटीनें संपविली, नातवासही हात लावूं दिला नाहीं. आम्ही पाहत राहिलों, आणि आमची कॉफी तेवढ्यांत पार निवून गेली.