जुनी सिनेमास्कोप लेन्स घ्यावी का?

मी उर्दू-मराठी शिकवतो, पण माजी विद्यार्थ्यांचे फोन हल्ली व्याकरणासाठी येत नाहीत. ते विचारतात, "सर, पिक्चरसारखी रुंद फ्रेम हवीय, जुनी ॲनामॉर्फिक लेन्स घेऊ का?" शाळेच्या फिल्म मी काढतो आणि अशी एक लेन्स माझ्याकडे आहे, म्हणून हा मान. माझं मत सरळ आहे. हौस असेल आणि स्वस्तात मिळत असेल तर घ्या, उसने पैसे काढून मुळीच घेऊ नका.

ही लेन्स रुंद दृश्य दोन्ही बाजूंनी चेपून फिल्मवर बसवते. फ्रान्सच्या आंरी क्रेतियँ यांनी ती १९२० च्या दशकात तयार केली. पुढे हॉलिवूडच्या फॉक्स कंपनीने तिच्यावर १९५३ साली 'द रोब' हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट आणला. थिएटरात प्रोजेक्टरपुढे तसंच भिंग लावून चेपलेलं चित्र दुप्पट रुंद करायचे. डिजिटल प्रोजेक्टर आले आणि कोवा, सँकोर, इस्को अशा नावांची ही भिंगं बेकार पडली. प्रकाश उलट्या दिशेने आत घेतला की तीच कॅमेऱ्यापुढे चालतात. बाजारात 'सिनेमा लेन्स' म्हणून अशी भिंगंही विकली जातात.

घेताना मागून टॉर्च मारून आत बघा. आपल्या दमट हवेत काचेवर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. ती काचेत उतरली असेल तर विक्रेत्याला सलाम करून निघा. वापरायलाही ही चीज किचकट. आतल्या साध्या लेन्सचा फोकस वेगळा, पुढच्या भिंगाचा वेगळा, दोन्ही दरवेळी जुळवायचे. भिंग जरा तिरपं बसलं की माणसं कलतात. साधी लेन्स फार रुंद असेल तर कोपरे काळे पडतात. शिवाय दुप्पट चेपणारं भिंग आजच्या १६:९ कॅमेऱ्यावर लावलं तर फ्रेम ३.५५:१ होते. इतकी लांब पट्टी बघवत नाही, कडा कापाव्याच लागतात. 'पाकीजा'च्या वेळी परदेशी लेन्सचा फोकस केसभर चुकतोय हे कमाल अमरोहींनी पकडलं, असा किस्सा सांगतात. खरा असो वा नसो, या लेन्सला तेवढीच तेज नजर लागते.

आमच्या पोरांना मात्र हवी असते ती दिव्यावरून जाणारी निळी रेघ आणि मागे लंबगोल झालेले दिवे. त्यासाठी एवढा उपद्व्याप कशाला? गुरुदत्तनी 'कागज के फूल' (१९५९) हा आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप चित्रपट केला, तेव्हा व्ही. के. मूर्तींनी त्या रुंदीत रिकामा स्टुडिओ दाखवला आणि दोन माणसांमधलं अंतर दाखवलं. रुंदी कशासाठी हवी, हे त्यांना ठाऊक होतं.

गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीचा फोन आला. वडील यंत्रमागावर काम करतात, त्यांच्यावर वीस मिनिटांची फिल्म करायचीय. आईची भिशी लागली होती, ते सगळे पैसे लेन्सला घालणार होती. मी विचारलं, "बेटा, दोन मागांमधली वाट केवढी?" म्हणाली, "एक माणूस जाईल एवढी." या भिंगांना फोकससाठी चार-पाच फूट तरी मागे सरकावं लागतं. त्याहून जवळ गेलं तर वरून आणखी एक काच लावा, आणि काही भिंगांत चेहरा गालफुगी झाल्यासारखा रुंद दिसतो. अब्बांचा चेहरा असा दाखवणार का? वर त्या खडखडाटात त्यांचं बोलणं ऐकू तरी कसं येणार?

तिला म्हटलं, बाहेरच्या गल्लीसाठी माझी लेन्स दोन दिवस घेऊन जा. भिशीतून आधी कॉलरला लावायचा चांगला माईक घे, उरलेले आईला परत दे. ती जरा हिरमुसली. रविवारी लेन्स न्यायला येणार आहे.