नैवेद्याचे ताट आणि जाहिरातीचा घास

श्रीगजाननाच्या आगमनाने आज घरोघरी मांगल्य अवतरले आहे. राजमाचीच्या पायथ्याशी, कोंडाण्याच्या प्राचीन लेण्यांवरून पावसाचे पाणी अद्याप ओघळते आहे, आणि खालापूर तालुक्यातील महडच्या वरदविनायकाच्या दर्शनास भाविकांची रीघ लागली आहे. अशा मंगल प्रसंगी मुलांच्या ताटाविषयी दोन शब्द लिहावेत, असे आम्हांस वाटते.

तांदळाची पिठी, ओला नारळ आणि गूळ यांचा उकडीचा मोदक. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमीस बैलाच्या श्रमाचे धान्य वर्ज्य करून केलेली अळू, माठ, सुरण, भेंडी यांची भाजी. काय खावे, केव्हा खावे आणि कोठे थांबावे, हे पूर्वजांनी सणांच्या मिषाने शिकविले. आज तेराचौदा वर्षांच्या मुलांना हे कोण शिकविते?

मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाले. १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती दिसू लागल्या. पुढील दशकात दोन मिनिटांत शिजणाऱ्या शेवयांनी मुलांची मने जिंकली. तेव्हा जाहिरात निदान जाहिरात म्हणून ओळखू येत असे. आता हातातील मोबाइलवर ती आवडत्या खेळाडूच्या वा नटीच्या गप्पांतून येते आणि मैत्रीच्या सल्ल्यासारखी भासते. एकीकडे ती वेफर्स आणि गोड पेये खावयास-प्यावयास लावते. दुसरीकडे सडपातळ अंगयष्टीचे वेड लावून मुलींना उपाशी ठेवते आणि मुलांच्या हाती पिळदार दंडासाठी पावडरींचे डबे देते.

शासन स्वस्थ बसलेले नाही. महाराष्ट्राने २०१७ मध्ये शालेय उपाहारगृहांतून असे पदार्थ हद्दपार करण्याचा आदेश काढला. केंद्राच्या २०२० च्या नियमांनी शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरपर्यंत त्यांच्या विक्रीस व जाहिरातीस मनाई केली. परंतु खिशातील मोबाइलला पन्नास मीटरांची मर्यादा कशी घालणार? राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये देशातील ५६.४ टक्के रोगभार सदोष आहारामुळे असल्याचे म्हटले, ते उगीच नव्हे.

हा केवळ शहरी सुखवस्तूंचा प्रश्न नव्हे. कर्जतच्या ज्या आदिवासी पाड्यांवर कुपोषण अद्याप सरलेले नाही, तेथेही पाच रुपयांचे पुडके पोहोचले आहे. मजुरीच्या पैशांतून मूठभर डाळीऐवजी ते घरात येते, ही आम्हांस अधिक सलणारी गोष्ट आहे.

मुलांना दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. ‘उपवासास चालते’ एवढे छापलेले पाहून तळलेली पाकिटे आणणारे आपणच. आणि मंडपाच्या कमानीवर शीतपेयाचा फलक लावणारी मंडळेही आपलीच.

म्हणून या उत्सवात एवढा संकल्प करावा : जेवताना मोबाइल दूर राहावा, मोदकाच्या कळ्या मुलगे व मुली दोघांनीही पाडाव्यात, बाजारात रानभाज्या घेऊन बसणाऱ्या ठाकूर-कातकरी भगिनींकडे मुलांसह जावे, आणि मंडळांनी अशा फलकांचा पैसा नाकारावा.

जे श्रींपुढे ठेवण्यास आपले मन धजत नाही, ते मुलांपुढे ठेवताना तरी का धजावे? विघ्नहर्त्याने आपणां सर्वांस ही सद्बुद्धी द्यावी, हीच प्रार्थना.