आवाज बिघडतो तो माइकच्या तारेत

मोबाइल घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, हे सगळे विचारतात. माइक कसा आहे, हे कोणी विचारत नाही आणि कंपन्या आपणहून सांगत नाहीत. गाड्यांमधल्या हँड्सफ्री संचांची ऑडिओ सर्किटं आखणं हे माझं काम. त्या अनुभवावरून सांगते, तुमचा आवाज पलीकडे कसा पोचणार याचा निकाल माइकपासूनच्या पहिल्या काही सेंटिमीटरमध्येच लागतो.

वाटाण्याएवढ्या डबीतला इलेक्ट्रेट माइक बेल लॅब्जच्या जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी १९६२ मध्ये घडवला. डबीतच एक ट्रान्झिस्टर असतो. साधारण २.२ किलोओहमच्या रेझिस्टरमधून त्याला जेमतेम अर्धा मिलिअँपिअर प्रवाह द्यायचा. बोललं की हाती येतात फार तर काही मिलिव्होल्ट. त्याच वेळी शेजारचा अँटेना टूजी कॉलमध्ये ९०० मेगाहर्ट्झवर दोन वॅटपर्यंत शक्ती फेकत असतो, तीही सलग नव्हे, दर ४.६ मिलिसेकंदांनी एकेक झटका. माइकची तार हे झटके पकडते, ट्रान्झिस्टर त्यांची लय वेगळी काढतो आणि बोलण्यात २१७ हर्ट्झची घरघर मिसळते. रेडिओजवळ मोबाइल ठेवल्यावर ऐकू येणारी टर्र-टर्र हीच.

यावरचा इलाज फार स्वस्त आहे. डबीच्या पायांना चिकटून ३३ पिकोफॅरडचा एक कॅपॅसिटर लावायचा, १८०० मेगाहर्ट्झसाठी १० पिकोफॅरडचा दुसरा. माइकच्या दोन्ही तारा जोडीनं अँप्लिफायरपर्यंत न्यायच्या, म्हणजे दोन्हींवर सारखाच आलेला गोंगाट वजा होतो. माइकचा पुरवठा गाळून घ्यायचा, कारण प्रत्येक झटक्याला बॅटरीचं व्होल्टेज खाली बसतं. तेच कॅपॅसिटर दोन सेंटिमीटर लांब बसवले, तर मात्र मधला ट्रॅकच त्यांचा उपयोग घालवतो. बोर्डावर जागा नाही म्हणून पहिला बळी यांचाच जातो, याचा मला राग येतो.

वर उत्तर ठरलेलं: ‘गोंगाट सॉफ्टवेअर काढेल.’ हे मला मान्य नाही. स आणि श हे उच्चार म्हणजे मुळात हवेचा फुसकारा, आणि गोंगाटही तसाच ऐकू येतो. गोंगाट छाटताना ही अक्षरंही झिजतात. बाजार समितीतल्या गलक्यातून अडत्या ‘साठ पोती’ म्हणतो आणि पलीकडे ‘आठ’ ऐकू येतात. जुनी टेलिफोन लाइन ३४०० हर्ट्झवरच आवाज कापायची, आणि ‘स’चा बराचसा जीव त्याच्या वर असतो. तेव्हा लाइनला दोष देता येत होता. व्होल्टीवर, म्हणजे फोरजीवरच्या कॉलमध्ये, आता ७००० हर्ट्झपर्यंतचा आवाज जाऊ शकतो. वाट रुंद झाली असताना माइकपाशीच कंजुषी कशासाठी?

माझी मागणी साधी आहे. फोनच्या आणि हँड्सफ्रीच्या खोक्यावर माइकचा सिग्नल-टू-नॉइज आकडा, म्हणजे बोलणं गोंगाटाच्या किती वर आहे ते, छापा. फोनमधल्या चिपसारख्या मेम्स माइकच्या सुट्या डेटाशीटवर तो असतोच, चांगल्या माइकचा ६५ डेसिबलच्या आसपास. पण तो उचलून छापू नका. तार, बोर्ड आणि प्लास्टिकच्या कवचासह अख्खा संच घ्या, कॉल लावा, अँटेना पूर्ण ताकदीनं चालू ठेवा आणि तेव्हा मोजलेला आकडा द्या.