सासूचं पत्र

आफ्रिकेतल्या गोऱ्या शोधप्रवाशांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं म्हणजे इतिहास आणि त्यांच्या घरच्या बायांनी लिहिलेली पत्रं म्हणजे घरगुती कुरबूर, ही वाटणी मला मान्य नाही.

१८५० साली डेव्हिड लिव्हिंगस्टन गरोदर बायकोला, मेरीला, तीन लहान मुलांसह कलाहारी ओलांडून न्गामी सरोवराकडे घेऊन गेला. परतल्यावर जन्मलेली मुलगी काही आठवड्यांतच दगावली. १८५१ साली मेरी पुन्हा गरोदर, आणि पुन्हा तोच बेत. तेव्हा तिच्या आईनं जावयाला पत्रातून खडसावलं : एक लेकरू गमावूनही तुम्ही शिकत कसे नाही? ही बाई कुणी बंडखोर नव्हती, मिशनऱ्याचीच बायको होती. जावयानं ते पत्र आपल्या रोजनिशीत उतरवून घेतलं. बेत मात्र बदलला नाही. मेरी वाटेतच, नदीकाठी बाळंत झाली. मुलाला नाव दिलं सहप्रवासी ऑस्वेलचं!

१८५५ साली लिव्हिंगस्टनला रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. १८६२ साली मेरी झांबेझीकाठी तापानं गेली.

आणि जिला लिहिताच येत नव्हतं तिचं काय? लिव्हिंगस्टनच्या अखेरच्या प्रवासात रांधणारी हलीमा आपल्याला त्याच्या रोजनिशीत भेटते, त्याच्या शब्दांत. गोऱ्या सासूचा संताप निदान कागदावर तरी राहिला. हलीमाचा, तिच्या स्वतःच्या शब्दांत, तेवढाही नाही.

मैत्रिणींनो, शोधांचे नकाशे मुलींना जरूर दाखवा. पण शेजारी हे पत्र ठेवा, आणि हलीमासाठी एक कोरा कागदही.