पुतळा उभा, पळणारा बाहेर

कॉलेजच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागतो. चार ओळींचा. 'आर्थिक अडचणीमुळे चालू वर्षापासून धावण्याच्या स्पर्धांना संघ पाठविला जाणार नाही.' खाली सही, गोल शिक्का. खलास. कुणाचं घर पेटलेलं नसतं, कुणाचं डोकं फुटलेलं नसतं, म्हणून पेपरवाला येत नाही, मोर्चा निघत नाही. पण त्या चार ओळींत कुणाचा तरी रस्ता बुजवलेला असतो.

माझा बुजवला होता.

मी पळायचो. लांब पल्ल्याचं. पळायला काय लागतं? दोन पाय आणि एक रस्ता. बॅट लागत नाही, रॅकेट लागत नाही, पोहायचा तलाव लागत नाही. म्हणून तर आमच्या वस्तीतली पोरं पळण्यातच पुढं. झोनला नंबर आला आणि खेळाडू म्हणून मला हॉस्टेलात कॉट मिळाली. माझ्या मार्कांवर ती मिळाली नसती, बापाच्या खिशावर तर नाहीच नाही. टीम गेली त्याच महिन्यात कॉट गेली. मग रोज दोन तास एस.टी.नं जायचं, दोन तास यायचं, घरी दिव्याखाली डुलक्या खायच्या. वर्षाच्या शेवटी जे व्हायचं ते झालं. गचकलो.

आणि गंमत ऐका. फीच्या पावतीवर 'जिमखाना' हा रकाना तसाच. पैसे तेवढेच. क्रिकेटची टीम राहिली. त्यात चालकांचा पुतण्या ओपनिंगला जायचा. गॅदरिंगचा मांडव आदल्या सालापेक्षा मोठा. मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, साहेब, पैसा आटला तर तो नेमका आमच्याच लेनमध्ये कसा आटला? साहेब हसले. म्हणाले, "अरे, हे बजेट आहे. बजेटमध्ये जात नसते."

या वाक्याला उत्तर द्यायला मला बरीच वर्षं लागली. ते आज देतोय.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेव्हा नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्या भावांच्या ब्लॅक पँथरचं. ती १९६६ साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात जन्मली. ओकलंडहून दक्षिणेला तासाभराच्या वाटेवर सॅन होजे. तिथं एक सरकारी कॉलेज होतं, आज त्याचं नाव सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटी. बड विंटर नावाचा कोच तिथं होता. त्याच्या हाताखालून इतके वेगवान गडी निघाले की लोक त्या जागेला 'स्पीड सिटी' म्हणायला लागले. त्यातला टॉमी स्मिथ, दुसऱ्याच्या रानात वाट्यानं राबणाऱ्या बापाचा पोरगा. जॉन कार्लोस, न्यूयॉर्कच्या हार्लेममधला. ली इव्हान्स. आणि हॅरी एडवर्ड्स, जो खेळाच्या स्कॉलरशिपवर आला, थाळीफेक करायचा, शिकला आणि पुढं तिथंच समाजशास्त्र शिकवायला उभा राहिला.

मेडलं पाहिजेत म्हणून कॉलेजनं काळी पोरं आणली. पण शहरात त्यांना राहायला खोली कुणी देईना. घरमालकाला पळणारे पाय चालत होते, टीव्हीवर. स्वतःच्या जिन्यावर नको होते. (खोली बघायला गेल्यावर 'आडनाव काय?' असं ज्यांना विचारलं गेलंय, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.) १९६७ च्या सप्टेंबरात एडवर्ड्सनं या भेदभावाविरुद्ध पोरं गोळा केली, आणि मोसमातली पहिलीच फुटबॉल मॅच रद्द करायला लावली. त्यातूनच पुढं 'ऑलिंपिक प्रोजेक्ट फॉर ह्यूमन राइट्स' उभं राहिलं.

१६ ऑक्टोबर १९६८, मेक्सिको सिटी. २०० मीटरची फायनल. टॉमी स्मिथनं १९.८३ सेकंदांत जागतिक विक्रम केला. कार्लोस तिसरा. मेडल घ्यायला दोघं चढले ते पायात बूट न घालता, काळे मोजे घालून. काळ्यांचं दारिद्र्य जगाला दिसावं म्हणून. राष्ट्रगीत सुरू झालं, दोघांनी मान खाली घातली आणि काळा हातमोजा घातलेली मूठ वर उचलली. दुसरा आलेला ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन गोरा होता. त्यानंही छातीवर त्यांच्या संघटनेचा बिल्ला लावला. स्मिथ आणि कार्लोसला टीममधून काढलं, ऑलिंपिक गावातून हाकललं. ती मूठ मात्र कुणाला काढता आली नाही.

आता पुढचं ऐका. ज्या कॉलेजनं ही पोरं घडवली, त्याच कॉलेजनं १९८८ साली ट्रॅक अँड फील्ड बंद केलं. कारण काय? बजेट. पैसे नाहीत. फुटबॉल मात्र राहिला.

पुढं २००५ साली त्याच आवारात विद्यार्थ्यांच्या पुढाकारानं स्मिथ आणि कार्लोसचा भला मोठा पुतळा उभा राहिला. मूठ वर, पायात बूट नाहीत. पोरांचं मोल मी कमी करत नाही, पुतळा हवाच होता. पण कॉलेजचं बघा. पुतळा उभा, आणि त्या पुतळ्यासारखं पळायला टीमच नाही! पुतळ्यातला काळा माणूस चालतो, कारण तो हॉस्टेलात जागा मागत नाही, कोच मागत नाही, प्रश्न विचारत नाही. पुतळ्याला हार आणि जित्या माणसाला बाहेर, हा खेळ आपल्या चांगला ओळखीचा आहे.

टीम पुन्हा सुरू करायची घोषणा झाली २०१६ साली. म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी. या अठ्ठावीस वर्षांत किती पोरांचा रस्ता बुजला, ते कुठल्या ताळेबंदात लिहिलंय?

या कॉलेजपासून जेमतेम तीसेक किलोमीटरवर स्टॅनफर्ड आहे. खासगी, गडगंज. २०२० च्या जुलैत, कोरोनाच्या काळात, त्यांनीही सांगितलं की पैशांचं जमत नाही, ३६ पैकी ११ खेळ बंद. तलवारबाजी, स्क्वॉश, शिडाच्या होड्या, वल्ही मारायच्या शर्यती, कुस्ती. २४० वर खेळाडू. लगेच माजी विद्यार्थी उठले. त्यांच्यात वकील, धंदेवाले, पैसेवाले. देणग्यांचे आकडे पुढं आले, कोर्टात दावे पडले. २०२१ च्या मेमध्ये अकराच्या अकरा खेळ परत! दहा महिने.

त्या पोरांचे खेळ वाचले, बरं झालं. मी जळत नाही. मी फक्त वजाबाकी करतो. एकीकडं दहा महिने, दुसरीकडं अठ्ठावीस वर्षं. मधल्या फरकाला काय म्हणायचं ते साहेबांनी सांगावं. पंगत तीच, वाढपीही तसलाच. डाळ संपत आली की तो शेवटच्या ओळीकडं बघतो आणि म्हणतो, 'संपली.' पहिल्या ओळीत मात्र दुसऱ्यांदा वाढून झालेलं असतं.

वरून आणखी एक हलकटपणा असतो. नुसतं काढून घेत नाहीत, काढून घेतल्याचं खापर दुसऱ्या गरजवंताच्या डोक्यावर फोडतात. १९७२ सालीच अमेरिकेत 'टायटल नाइन' कायदा आला: सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांत बाईला डावलायचं नाही. तेव्हापासून पोरांची कुस्ती बंद करा, पळणं बंद करा, आणि सांगा की पोरींमुळं झालं. पोरांचे खेळ मारा असं त्या कायद्यात कुठंही लिहिलेलं नाही. पण पोरगा पोरीकडं रागानं बघायला लागला की हिशोबाकडं कोण बघणार?

परवाचंच घ्या. कॉलेज फुटबॉल आणि बास्केटबॉलवर तिथं अब्जावधी डॉलर मिळतात. घाम गाळणाऱ्यांत काळी पोरं मोठ्या संख्येनं. वर्षानुवर्षं त्यांना स्कॉलरशिपपलीकडं मजुरी नव्हती. २०२५ च्या जूनमध्ये कोर्टानं एका तडजोडीला मान्यता दिली, की कॉलेजांनी खेळाडूंना थेट पैसे द्यायला हरकत नाही, एका कॉलेजला वर्षाला साधारण दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. लगेच ओरड सुरू: यांना मजुरी द्यावी लागते म्हणून बाकीचे खेळ परवडत नाहीत! कॅलिफोर्नियातल्याच कॅल पॉलीनं तर येऊ घातलेल्या तडजोडीकडं बोट दाखवत मार्चमध्येच पोहण्याचा संघ बंद केला. बड्या फुटबॉल कोचचा एकट्याचा पगार वर्षाला एक कोटी डॉलरच्या वर जातो, तिकडं कुणी बोट दाखवत नाही. मजुराला मजुरी मिळाली की मालकाची तिजोरी कशी काय रिकामी होते? आपल्याला हे नवीन आहे का? 'तुमच्या सवलतींमुळं आमच्या पोरांचं नुकसान' हे वाक्य आपण दुधाच्या दातांपासून ऐकतोय.

आपल्यातलेही काही शहाणे म्हणतात, पोटाची मारामार असताना खेळाचं काय घेऊन बसलास? त्यांना मी पळवणकर बाळूची आठवण देतो. चांभाराचा पोरगा, पुण्यात इंग्रजांच्या क्लबात खेळपट्टी राखायच्या कामाला होता, साहेबांना सरावाला चेंडू टाकायचा. पुढं हिंदूंच्या टीमला त्याची बोलिंग चालली, पण चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं शंभरावर विकेटा काढल्या. मैदान ही चैन असती तर त्यांनी दारावर एवढा पहारा ठेवलाच नसता. आजही पोलीस भरतीत १६०० मीटर पळावं लागतं. तिथं पहाटे अंधारात कोण पळतं, जाऊन बघा.

आणि एडवर्ड्सचा धडाही विसरू नका. त्यांच्या शर्यतीचा घोडा व्हायचं नाही. पाय त्यांचे मेडल आणतील आणि डोकं त्यांच्याकडं गहाण, असला सौदा नको. पळायचंही आणि विचारायचंही.

तेव्हा पोरांनो, आपापल्या कॉलेजच्या फीची पावती काढा. जिमखान्याचा आकडा बघा. २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे, दहा रुपयांचा अर्ज आहे. कॉलेज अनुदानित असेल तर तीन प्रश्न विचारा: गेल्या पाच वर्षांत जिमखाना फी किती जमा झाली? कुठल्या खेळावर किती खर्च झाली? कुठला खेळ बंद झाला आणि ते कुणी ठरवलं? मी विचारलं नाही. मी केबिनमधून मान खाली घालून बाहेर आलो, ती चूक माझी. तुम्ही करू नका.

साहेब, बजेटमध्ये जात असते. आकड्यांच्या शेजारी छापत नाहीत, एवढंच.