पीएचडीला नैतिकतेचे ३० तास सक्तीचे, पण गाईडनेच आकडे वगळायला सांगितले तर?

समजा, पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने दहा नमुने तपासले. आठचा निकाल अपेक्षेप्रमाणे आला, दोनचा नाही. गाईड म्हणाले, "ते दोन काढून टाक, आलेख नीट दिसेल." तिने काय करायचं?

कारण न सांगता नको असलेले आकडे वगळणं हा संशोधनातला गैरप्रकार आहे. नव्या संशोधकांना अशा गोष्टी सुरुवातीलाच कळाव्यात, म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०१९ मध्ये 'रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स' हा अभ्यासक्रम पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी सक्तीचा केला.

त्यात नेमकं काय शिकवतात?

अभ्यासक्रम दोन क्रेडिटचा, ३० तासांचा आहे. त्याचे सहा भाग असे:

• तत्त्वज्ञान आणि नीतिशास्त्र: ४ तास
• वैज्ञानिक आचरण: ४ तास
• प्रकाशनाची नैतिकता: ७ तास
• ओपन ॲक्सेस प्रकाशन: ४ तास
• प्रकाशनातले गैरप्रकार: ४ तास
• डेटाबेस आणि संशोधनाची मोजमापं: ७ तास

म्हणजे ३० पैकी २२ तास शोधनिबंध छापण्याभोवती फिरतात. खोटी माहिती तयार करणं, आकड्यांत फेरफार करणं, सोयीचेच निकाल दाखवणं हे विषय मुख्यतः वैज्ञानिक आचरणाच्या ४ तासांत येतात.

छपाईवर इतका भर का?

पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या बोगस जर्नल्सचा सुळसुळाट झाला होता. त्यांना चाप लावण्यासाठी विश्वासार्ह जर्नल्सची 'यूजीसी-केअर' यादी तयार झाली. तिचं काम पुण्यातल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ही यादी बंद केली. आता जर्नल खरं की बोगस, हे संशोधकाने आणि त्याच्या संस्थेनेच पारखायचं आहे. त्यामुळे हे २२ तास वाया जात नाहीत.

मग अडचण कुठे आहे?

मजकूर चोरला तर सॉफ्टवेअर पकडतं आणि शिक्षाही ठरलेली आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर कारवाई नाही. ६० टक्क्यांच्या वर गेलं तर पीएचडीची नोंदणीच रद्द होते. पण दोन नमुने गाळून काढलेल्या आलेखात चोरलेलं असं काहीच नसतं. सॉफ्टवेअर तो बिनबोभाट पास करतं.

दुसरी अडचण जास्त अवघड आहे. हा अभ्यासक्रम विद्यार्थ्यांना सक्तीचा आहे, गाईडना नाही. प्रगती अहवालावर सही गाईडची, प्रबंध पुढे जाणार तोही त्यांच्याच हातून. अशा वेळी "सर, हे चुकीचं आहे" म्हणणं सोपं नसतं.

बाहेर काय करतात?

अमेरिकेतल्या 'नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ'ने २००९ मध्ये आपल्या प्रशिक्षण अनुदानांसाठी नियम स्पष्ट केले. त्यानुसार किमान ८ तासांचं, प्रामुख्याने समोरासमोर चर्चेतून होणारं प्रशिक्षण लागतं. एकदा करून भागत नाही. करिअरच्या प्रत्येक टप्प्यावर आणि किमान दर चार वर्षांनी ते घ्यावं लागतं. गाईड आणि विद्यार्थ्याच्या एकमेकांप्रती जबाबदाऱ्या हा त्यातला एक विषय आहे.

आपल्याकडे काय करता येईल?

गाईडनाही हेच प्रशिक्षण सक्तीचं करता येईल. मूळ नोंदी तारखेसह जपणं आणि लेखकांची नावं, क्रम आधीच लेखी ठरवणं, ही सवय प्रयोगशाळेत लावता येईल. आणि प्रयोगशाळेबाहेरची एखादी व्यक्ती नेमता येईल, जिच्याकडे विद्यार्थ्याला नाव उघड न होता विचारता येईल.

संस्थांनाही आता याची गरज आहे. २०२५ च्या एनआयआरएफ क्रमवारीत मागे घेतलेल्या शोधनिबंधांसाठी गुण कापायला सुरुवात झाली. संस्थेचं नुकसान गुणांचं होतं. विद्यार्थ्याचं नाव मात्र बहुतेकदा त्या शोधनिबंधावर पहिलं असतं.

त्या दोन नमुन्यांचं काय करायचं, याचं उत्तर ३० तासांनंतर विद्यार्थिनीला माहीत असतं. ते कुणापाशी बोलायचं, हे अभ्यासक्रम सांगत नाही.