एका धावेचा शोक

'खेळच तो! त्यात हार-जीत चालायचीच,' हे वाक्य आपल्या विद्वानांच्या ओठांवर सदैव तयार असते. संघाच्या पराभवाने हळहळणारा माणूस त्यांना बालिश वाटतो. आणि तो आयपीएलसाठी हळहळत असेल, तर बाजाराने फसवलेलाही. फसवणूक झाली हे आम्हांस मान्य आहे. ती कोठे झाली, याविषयी मात्र आमचा या मंडळींशी मतभेद आहे.

२१ मे २०१७ रोजी हैदराबादेत अंतिम सामना झाला. मुंबई इंडियन्सच्या ८ बाद १२९ धावा. रायझिंग पुणे सुपरजायंटला शेवटच्या षटकात ११ धावा हव्या होत्या. मिचेल जॉन्सनच्या पहिल्या चेंडूवर मनोज तिवारीने चौकार मारला; पुढच्या दोन चेंडूंवर तो आणि ५१ धावा केलेला कर्णधार स्टीव्ह स्मिथ, दोघेही झेलबाद. शेवटच्या चेंडूवर ४ हव्या असताना २ झाल्या आणि तिसरी पळताना फलंदाज धावबाद. त्या मोसमात ज्या मुंबईला पुण्याने तीनदा हरवले होते, तिच्याकडूनच एका धावेने हार!

भरताने करुण आणि विप्रलंभ यांत केलेला भेद आम्ही वर्गात शिकवतो. अश्रू दोन्हींत आहेत, परंतु विप्रलंभ सापेक्ष, त्यात पुनर्मीलनाची आशा उरते, करुण निरपेक्ष. क्रीडारसिकाचा शोक स्वभावतः विप्रलंभाच्या जातीचा असतो. 'पुढच्या वर्षी बघू' हा त्याचा आधार. महाराष्ट्राने रणजी करंडक १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ जिंकला, त्यानंतर एकदाही नाही. २०१४ साली याच हैदराबादेत अंतिम सामन्यात कर्नाटकाने त्याला हरवले. तरीही संघ आहे, म्हणून वाट पाहणेही आहे.

सुपरजायंटला पुढचे वर्षच नव्हते. चेन्नई आणि राजस्थान निलंबित होते, तेवढ्या दोन वर्षांपुरती ही सोय. २०१८ मध्ये ते दोघे परतले आणि पुण्याचा संघ नाहीसा झाला. त्याआधी पुणे वॉरियर्सही २०११ ते २०१३ असे तीनच मोसम खेळून संपला होता. सुपरजायंटच्या मालकांनी २०२१ मध्ये लखनौला संघ घेतला, त्यानंतर 'सुपर जायंट्स' हे नावही तिकडे गेले. मागे राहिला तो पुणेकराचा शोक. त्याचा करुण झाला.

'मुदत आधीच जाहीर होती, मग तक्रार कसली?' असे कोणी विचारील. करार मंडळ आणि मालक यांच्यात होता. त्यात शहराचे नाव होते, शहर पक्षकार नव्हते. प्रेक्षकाने जीव लावला तो मुदत पाहून नव्हे; तसा तो कोणी लावतही नाही.

म्हणून आमचा आक्षेप आहे तो रडणाऱ्याला हसून नाव भाड्याने घेणाऱ्याला मोकळे सोडणाऱ्या पांडित्यावर. उद्या पुन्हा कोणी पुण्याच्या नावाचा संघ आणील. तेव्हा कर्णधार कोण, हे विचारण्याआधी 'किती वर्षांसाठी?' हे विचारले गेले पाहिजे.